दांडी आपली, निब परक्याची

लेथवर स्वहस्तें लेखणी कातूं पाहणाऱ्या नवशिक्यापुढें पहिला प्रश्न येतो तो निवडीचा. तयार सुट्या भागांचा संच कोणता घ्यावा आणि कातण्यासाठीं तुकडा कशाचा घ्यावा? प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु त्याच्यामागें मोठा इतिहास आहे, आणि उत्तरहि त्या इतिहासांतच सांपडतें असें आम्हांस वाटतें.

बोरूच्या काळीं हा प्रश्नच नव्हता. दांडी आणि टोंक एकाच बोरूचीं; चाकूनें तिरपा छेद घेतला, टोंकास चीर पाडली, कीं लेखणी सिद्ध झाली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बर्मिंगहॅम येथें जोसेफ गिलट प्रभृति कारखानदार यंत्रानें पोलादी निबा काढूं लागले, आणि लेखणीची वांटणी झाली. टोंक कारखान्याचें झालें. दांडी मात्र कोणाहि काताऱ्यास कातून देतां येई.

पुढें शाईच दांडींत भरावयाची ठरली, तेव्हां लांकूड मागें पडलें. कारण ओलाव्यानें तें फुगतें व चिरतें. १८५१ सालीं अमेरिकेंत नेल्सन गुडइयर यानें कठीण रबराचें पेटंट घेतलें होतें. तेंच एबोनाइट. शाईनें तें बिघडत नाहीं आणि लेथवर सुबक कातलें जातें. १८८४ सालीं वॉटरमन यानें आपल्या झरणीचें पेटंट मिळविलें, त्यानंतरच्या झरण्यांचा देह बहुतेक याच द्रव्याचा असे.

हेंच एबोनाइट गोदावरीकांठच्या राजमहेंद्रीस रत्नम् यांनीं हातीं घेतलें. त्यांची लेखणी वापरून पाहिल्यावर १९३५ सालीं गांधीजींनीं वर्ध्याहून पत्र लिहिलें, आणि बाजारांतील परदेशी लेखण्यांऐवजीं ती चांगली चालेल असा अभिप्राय दिला. दांडी आपण कातली, पण निब परदेशाहून आली, तर ती लेखणी कोणाची? स्वदेशीच्या त्या दिवसांत हा प्रश्न केवळ तर्काचा नव्हता.

१९३८ सालीं हंगेरीच्या बिरो यानें बॉलपेनचें पेटंट घेतलें. शाई स्वतंत्र नळींत बंद झाली, आणि लांकडास लेखणींत पुन्हां स्थान मिळालें. म्हणून नवशिक्यानें झरणीचा संच तूर्त बाजूस ठेवावा. त्यांत भाग अधिक व मापें निरनिराळीं असतात. सुमारें ७ मिलिमीटर व्यासाच्या पितळी नळ्यांचा साधा बॉलपेनचा संच घ्यावा, आणि पहिल्या पांचसहा लेखण्या त्याच जातीच्या कराव्या. कारण संच बदलला कीं मापाच्या कड्याहि बहुधा बदलाव्या लागतात.

तुकडा हळदूसारख्या सरळ, दाट रेषेच्या, वाळलेल्या लांकडाचा असावा. आम्हीं पहिल्याच वेळीं गांठींचा, नक्षीदार, महागाचा तुकडा निवडला. तो भोंक पाडतांनाच फुटला. दोष लांकडाचा नव्हता, आमच्या हौसेचा होता.

संचांतील धातूचे भाग आजहि दुसऱ्यानेंच केलेले असतात. परंतु दांडी ज्याच्या हातानें उतरली, त्याचा त्या लेखणीवर कांहीं हक्क निश्चित पोंचतो. आणि तो मिळविण्यास महागडें लांकूड लागत नाहीं.