मुखारोग्याचे धोरण आणि ग्रामीण मराठवाडा : अंकुशनगरच्या निमित्ताने

अंबड तालुक्यात महाकाळा गावाच्या परिसरात समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि कारखान्याचे प्रवर्तक अंकुशराव टोपे यांच्या नावावरून त्या वसाहतीस अंकुशनगर हे नाव मिळाले. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी, त्यावर वाढलेला ऊस आणि उसामागून आलेला कारखाना, असा हा क्रम आहे. गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे अशा प्रत्येक कारखान्याच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात, कोप्या पडतात आणि काही महिने तेथे एक फिरते गाव वसते. या फिरत्या गावातील मनुष्याचा दात दुखू लागला, किंवा त्याच्या गालाच्या आतील बाजूस पांढरा चट्टा उठला, तर सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत त्याला कोणते स्थान आहे, या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार करण्याचे येथे योजिले आहे.

आपल्याकडील मुखारोग्यविषयक प्रयत्नांचा आरंभ शिक्षणसंस्थांपासून झाला. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास दंत महाविद्यालय काढले; मुंबईस नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली निघाले. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल सादर केला, तेव्हा सुमारे तीन लाख लोकांमागे एक शिक्षित दंतवैद्य असे प्रमाण तिला आढळले. त्यानंतर १९४८ चा दंतवैद्य अधिनियम आला व १९४९ साली भारतीय दंत परिषद अस्तित्वात आली. पदवीधरांची नोंद एका भागात व पदवी नसता दीर्घकाळ हा व्यवसाय करीत आलेल्यांची दुसऱ्या भागात, अशी या कायद्याची रचना होती. हा व्यवसाय कोणी करावा, हे कायद्याने ठरविले. तो कोठे व कोणासाठी करावा, हा प्रश्न त्याच्या कक्षेत नव्हता. कायद्याचा हा दोष म्हणता येणार नाही. परंतु त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणारे धोरण मात्र पुढे कित्येक दशके झाले नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

मराठवाड्याच्या बाबतीत या विलंबास राजकीय इतिहासाचीही जोड मिळाली. हा अधिनियम १९४८ च्या मार्चमध्ये संमत झाला, त्या वेळी अंबड निजामाच्या राज्यात होते. सप्टेंबरात ते राज्य संपले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला. हैदराबादेस शासकीय दंत महाविद्यालय निघाले ते १९५९ साली, म्हणजे मराठवाड्याने हैदराबादचा निरोप घेतल्यानंतर. औरंगाबादेस वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये मिळाले, पण शासकीय दंत महाविद्यालयासाठी १९८२ साल उजाडावे लागले. जालना जिल्हा त्याच्या आदल्याच वर्षी, १ मे १९८१ रोजी निर्माण झाला होता. या मधल्या काळात खेड्यातील दाताचा सांभाळ बाभळीचे व कडुनिंबाचे दातवण, राखुंडी, लवंग आणि बाजाराच्या दिवशी येणारा वैदू यांच्याच हाती राहिला. याच घरगुती साधनांत तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मशेरीही होती.

मशेरीमुळे दंतरोगाचा प्रश्न कर्करोगाच्या प्रश्नाशी जोडला जातो. डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून तंबाखूच्या सवयी आणि मुखातील कर्करोगपूर्व विकार यांचा अभ्यास केला. तो १९७२ साली प्रसिद्ध झाला. या अभ्यासाचे महत्त्व केवळ शास्त्रीय नाही. रुग्णाने रुग्णालयात येण्याची वाट न पाहता तपासनिसाने खेड्यात जाणे शक्य आहे, हे त्याने महाराष्ट्राच्याच भूमीवर सिद्ध केले. व्यवस्थेने त्यातून निष्कर्ष घेतला, पद्धत घेतली नाही. १९९२ साली दंतमंजनात तंबाखू वापरण्यास बंदी झाली. बाजारातील डबीला ती लागू पडली, चुलीवरच्या तव्याला पडली नाही. २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. तरीही २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातील प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखूचे सेवन करणारे आढळले.

राष्ट्रीय मुखारोग्य धोरणास तत्त्वतः मान्यता मिळाली १९९५ साली आणि राष्ट्रीय मुखारोग्य कार्यक्रम सुरू झाला २०१४-१५ मध्ये. २०१२ च्या सार्वजनिक आरोग्य मानकांनी दंतवैद्याचे पद आवश्यक मानले, ते सामूहिक आरोग्य केंद्राच्या, म्हणजे सुमारे एक लाख वीस हजार लोकवस्तीच्या पातळीवर. २०१८ पासून आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या बारा सेवांत प्राथमिक मुखारोग्यसेवेचा समावेश झाला आणि तिशीपुढील व्यक्तींची मुखतपासणी गावपातळीवर योजिली गेली. मेहता यांच्या पद्धतीस अशा रीतीने सुमारे साडेचार दशकांनी धोरणात स्थान लाभले.

परंतु ही योजना गावाच्या यादीवर उभी आहे, आणि ऊसतोड मजुराची अडचण नेमकी येथेच आहे. त्याचे नाव ज्या गावच्या यादीत असते, त्या गावी तो हंगामभर नसतो. जेथे तो असतो, तेथील यादीत त्याचे नाव नसते. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकाने दवाखान्याची वाट धरली की दोघांचे काम अडते, खाडा पडतो आणि उचल फिटावयाची लांबते. म्हणून दात असह्य होईपर्यंत आणि चट्टा गाठीत बदलेपर्यंत तो दुर्लक्षित राहतो. मुखाचा कर्करोग आरंभी ओळखला गेला तर बरा होण्याची आशा मोठी असते. उशिरा कळल्यास ती झपाट्याने घटते. खाड्याची खरी किंमत ती ही.

भोर समितीच्या काळी दंतवैद्यांची उणीव हे कारण सांगता येत होते. आज देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि दंत परिषदेच्या जागी राष्ट्रीय आयोग आणणारा कायदाही २०२३ साली संमत झाला आहे. आता संख्येची सबब उरलेली नाही. व्यवसायाची व्यवस्था प्रथम व रुग्णापर्यंतची वाट शेवटी, हा १९४८ पासूनचा क्रम उलटा करावयाचा तर आरंभ कोठे करावा, याचे उत्तर अंकुशनगरसारख्या ठिकाणी मिळते. ऊस तोडणारे, वाहणारे व गाळणारे हजारो लोक तेथे ठरलेल्या महिन्यांत एकत्र येतात. हंगामाच्या आरंभी कोप्यांवर जाऊन तोंड तपासणे, तपासणीची नोंद मजुराबरोबर त्याच्या गावी पाठविणे आणि उपचाराच्या दिवसाचा खाडा माफ करणे, एवढ्या तीन गोष्टी जेथे होतील तेथे १९९५ चे धोरण प्रथमच त्याच्या हक्कदारापर्यंत पोहोचले असे म्हणता येईल.