शिवराईचा ठसा कसा ओळखतात

शिवराई हे मराठी मुलखातले सर्वांत दीर्घकाळ चाललेले तांब्याचे नाणे. १६७४ साली रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि सोन्याच्या होनाबरोबर ही शिवराईही त्यांच्या नावाने चालली. तिच्यावरचा मजकूर अगदी मोजका आहे. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र / पति’ आणि दोन्हीकडे टिंबांची कड. सन नाही, टांकसाळीचे नाव नाही. पुढे पेशवाईतही हाच मजकूर चालू राहिला. त्यामुळे नुसते नाव वाचून नाणे कोणत्या काळातले हे सांगता येत नाही. ते अक्षरांच्या वळणावरून, वजनावरून आणि मुख्यतः ठशावरून ठरवावे लागते.

शहाजीराजांच्या पुणे, सुपे, इंदापूर आणि चाकण या परगण्यांत नाण्यांची सरमिसळ फार जुनी आहे. निरवांगी हे इंदापूर तालुक्यातले नीराकाठचे गाव. अशा गावाच्या पांढरीतून तांब्याचे जुने नाणे हाती आले, तर ते बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल किंवा मराठा यांपैकी कोणतेही असू शकते. पहिली वाटणी लिपीवरून होते. सुलतानांच्या आणि मोगलांच्या नाण्यांवर अरबी-फारसी मजकूर असतो, तर शिवराईवर देवनागरी. पण खरे काम त्यानंतर सुरू होते, कारण देवनागरी दिसली तरी ती शिवराई नेमकी कोणत्या प्रकारची हा प्रश्न उरतोच.

त्यासाठी नाणे कसे पाडत ते लक्षात घ्यावे लागते. तांब्याच्या पट्टीतून किंवा कांबीतून तुकडे तोडत, वजन बेताचे जुळवून घेत. खालचा ठसा ठोकळ्यात पक्का बसवलेला असे. त्यावर तुकडा ठेवून वरचा ठसा हातात धरायचा आणि घणाचा घाव घालायचा. ठशाचे तोंड बहुधा तुकड्यापेक्षा मोठे असे, म्हणून पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच उतरतो. एकावर ‘श्री राजा’ स्पष्ट दिसते आणि ‘शिव’ कडेबाहेर जाते, तर दुसऱ्यावर डावीकडची टिंबे सापडतात आणि उजवीकडची हरवतात. एकाच ठशाची अनेक नाणी शेजारी ठेवली की संपूर्ण ठसा हळूहळू जुळवता येतो. घाव सोसणारा वरचा ठसा लवकर झिजे आणि बदलावा लागे. म्हणून एका बाजूचा एकच ठसा दुसऱ्या बाजूच्या दोन-तीन ठशांशी जोडलेला आढळतो. अशा जोड्या लावत गेले की कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे याचा क्रम हाती येतो. ग्रीक नाण्यांच्या अभ्यासात ही रीत एकोणिसाव्या शतकात रुजली. सन नसलेल्या शिवराईला तिच्याइतकी उपयोगी पडणारी दुसरी रीत नाही.

दुर्मीळ प्रकार ओळखण्याचे मर्म एकच आहे. ठशात जे होते ते वेगळे आणि घाव घालताना जे घडले ते वेगळे, ही फारकत करता आली पाहिजे. ‘शिव’ हा शब्द घ्या. शिवराईवर तो ‘शिव’, ‘शीव’, ‘सिव’, ‘सीव’ असा निरनिराळा कोरलेला सापडतो. ‘पति’चे ‘पती’ही होते. हे भेद ठशातले आहेत, म्हणून ते खरे प्रकार. पण ऱ्हस्व वेलांटीचा दांडा अक्षराच्या डावीकडे असतो. तुकडा तिकडे अपुरा पडला तर ‘शिव’चे ‘शव’ दिसू लागते. हा नवा प्रकार नव्हे, घाव डावीकडे सरकला एवढेच. कोरणाऱ्याला ठशावर अक्षरे उलटी काढावी लागत. एखादे सुलटे निघाले, तर नाण्यावर ते उलटे उमटणार. हा दोष ठशातला असल्याने त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर तो दिसला पाहिजे. एकाच नाण्यावर काही विचित्र दिसले, तर जोड सापडेपर्यंत निर्णय लांबवलेला बरा.

भिंगाखाली पाहताना काही खुणा फार भरवशाच्या ठरतात. ‘त्र’चे टोक कडेच्या कोणत्या टिंबाकडे वळते, ‘श्री’ आणि ‘राजा’ यांच्यात किती जागा आहे, ‘जा’चा काना खालच्या ओळीत कुठवर उतरतो, हे सगळे जुळले तर ठसा एकच, मग तुकड्यांचे आकार कितीही वेगळे असोत. ठशाला तडा गेला की तांबे त्या फटीत शिरते आणि नाण्यावर उंचवट्याची रेघ उमटते. नंतर पडलेला ओरखडा मात्र खोलगट असतो. ठशाच्या खाचेत कचरा भरला तर टिंब किंवा काना पुसट होतो. घाव दोनदा बसला तर अक्षराशेजारी त्याची सावली दिसते. पण अशा पुसट किंवा दुहेरी छापाला प्रकारांच्या यादीत जागा नाही.

सर्वांत जास्त घोटाळा तिसऱ्या ओळीत होतो. संभाजी, राजाराम आणि शाहू या छत्रपतींच्या नावांचीही तांब्याची नाणी आहेत, पण ती फार थोडी. मांडणी सारखीच असल्याने ‘श्री राजा’ वाचून नाणे शिवराईच्या ढिगात टाकले जाते. खालच्या कडेला नुसता ‘श’चा माथा उरला असेल, तर तो ‘शिव’, ‘शंभू’ आणि ‘शाहू’ या तिन्हींचा असू शकतो. अशा वेळी अनुस्वाराचे टिंब किंवा काना शोधावा लागतो आणि दुसऱ्या बाजूचा ठसा आधी ओळखलेल्या नाण्याशी ताडून पाहावा लागतो. दुर्मीळ नाणी बहुतेकदा अशीच, साध्या नाण्यांच्या ढिगात पडून राहिलेली असतात.

उत्तरकाळातली दुदांडी शिवराई ओळखायला सोपी. ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असतात, त्यावरून तिला हे नाव मिळाले. सुरुवातीची जड शिवराई साधारण ११ ते १३ ग्रॅम भरते, तर दुदांडी बहुधा ९ ग्रॅमच्या आसपास. सूर्य, चंद्र, त्रिशूळ, फूल अशा चिन्हांवरून तिचे पोटप्रकार पाडतात.

पुण्याच्या अंकुशी रुपयाची कसोटी वेगळी आहे. तो बादशहाच्या नावाचा, फारसी मजकुराचा आणि अंकुशाच्या चिन्हाचा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावरही कंपनी सरकारने तो पाडणे चालू ठेवले आणि त्यावर फसली सन घातला. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो. १२३० म्हणजे १८२०. तेवढा आकडा वाचता आला की रुपया पेशव्यांचा की कंपनीचा हे कळते.

शिवराईच्या प्रकारांकडे पहिल्यांदा नेटाने पाहिले ते अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री जस्टिन अॅबट यांनी. हजारो नाणी तपासून त्यांनी आपला लेख १९०० च्या सुमारास मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला. १९८९ साली के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळींवरचा ग्रंथ आला. आजही अभ्यासकाच्या हाताशी तो असावाच लागतो.

ठशांची तुलना नकली नाणेही उघडे पाडते. हाताने पाडलेली दोन नाणी ठशाने जुळली तरी कडेने जुळत नाहीत. ज्या दोन नाण्यांचा आकार, सरकलेली छाप आणि कडेची चीरसुद्धा तंतोतंत सारखी, ती एकाच साच्यात ओतलेली. नकली होन असे पकडता येतात.

नाणे सापडल्यावर चिंच लावून घासले की अक्षरांच्या कडा मऊ होतात आणि ठसा जुळवणे कठीण जाते. वजन, व्यास, दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि सापडल्याची जागा, एवढी नोंद मात्र हवीच. जमिनीत सापडलेला ठेवा १० रुपयांहून अधिक किमतीचा असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. शिवराईवर टांकसाळ लिहिलेली नाही. एका ठशाची नाणी कोणत्या गावांत जास्त सापडतात याची गाववार नोंद असेल, तरच तो ठसा कोणत्या टांकसाळीचा याचा अंदाज बांधता येतो. आणि बाजारात आलेल्या नाण्याला ते गाव उरलेले नसते.