आधी माणूस ओळखावा



धावड्याच्या उत्तरेला अजिंठ्याची डोंगररांग पसरलेली आहे. तिथली लेणी पाहायला देशोदेशीचे लोक येतात. पण याच डोंगरांच्या इतिहासात भिल्लांचंही एक प्रकरण आहे, ते आपण क्वचितच उघडतो. आज ते उघडायचं कारण असं: आपल्यापैकी कोणी शाळामास्तर, कोणी तलाठी, वनरक्षक किंवा नर्सबाई म्हणून आदिवासी वस्तीत कामाला जातात. तिथल्या माणसांत वावरायचं कसं, हे काय शिकावं लागतं? इतिहास म्हणतो, शिकावं लागतं. आणि नुसतं शिकून भागत नाही.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. तेव्हा सातमाळा, अजिंठा आणि सातपुडा या डोंगरांत भिल्ल नाईकांचा दरारा होता. घाटवाटा राखणं हे त्यांचं जुनं काम. त्याबद्दल मिळणारे हक्क हा त्यांचा मान. इंग्रजांनी पलटणी धाडल्या, माणसं पकडली, फासावर दिली. तरी डोंगर काही शांत होईना. मग १८२५ साली धोरण पालटलं. भिल्लांसाठी खास एजंट नेमले गेले. त्यांतल्या एकाचं ठाणं आपल्या बाजूच्या कन्नडला होतं. जेम्स औट्रॅम या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटावर भिल्लांचीच पलटण उभारायचं काम आलं. तो त्यांच्यात मिसळला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, त्यांच्यावर विश्वास टाकला. पलटण उभी राहिली. धरणगाव तिचं ठाणं झालं.

मग सगळं मिटलं का? नाही. औट्रॅमनं भिल्ल ओळखला, पण सरकारच्या कामापुरता. जंगल कोणाचं, हक्क कोणाचे, हा प्रश्न तसाच राहिला. १८५७ च्या उठावात खाज्या नाईक, भीमा नाईक, भागोजी नाईक यांनी शस्त्र उचललं. खाज्या नाईक तर एके काळी सरकारच्याच चाकरीत सेंधव्याचा घाट राखत होते!

दुसरी हकिकत हैदराबाद राज्यातली. १९५६ पर्यंत आपला भोकरदन तालुकाही त्याच राज्यात होता. त्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला आदिलाबाद जिल्हा. तिथल्या गोंडांच्या शेतजमिनी राखीव जंगलात गेल्या आणि लोकांना हुसकावण्यात आलं. १९४० साली जोडेघाटला कोमरम भीम आणि त्यांचे साथीदार पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यानंतर निजाम सरकारला जाग आली. ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्यावर गोंडांची परिस्थिती समजून घेण्याचं काम सोपवलं गेलं. ते आणि त्यांच्या पत्नी बेटी मारलवाई गावात झोपडी बांधून राहिले, लोकांची भाषा आणि रीतभात शिकले. १९४३ साली तिथे गोंड तरुणांना शिक्षक बनवणारं केंद्र निघालं. पहिली वाचनपुस्तकं गोंडी भाषेत, पण देवनागरी लिपीत होती. आणि मुख्य म्हणजे, हजारो आदिवासी कुटुंबांच्या नावे जमिनीचे पट्टे झाले.

दोन्ही हकिकतींतला फरक आपल्या ध्यानात आला असेल. एका ठिकाणी ओळख झाली ती बंदोबस्तासाठी. दुसऱ्या ठिकाणी ओळखीपाठोपाठ जमीन आणि शाळा आली. १९८७ साली बेटीबाई वारल्या, तेव्हा त्यांना मारलवाईलाच माती दिली गेली.

मात्र पुढे बाहेरच्या लोकांनी त्या भागातल्या पुष्कळ जमिनी पुन्हा बळकावल्या. म्हणजे एका अधिकाऱ्यानं शिकून पुरत नाही. खुर्चीवर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ते पुन्हा शिकावं लागतं. आदिवासींच्या जीवनाचा अभ्यास आणि प्रशिक्षण यासाठी १९६२ साली पुण्यात एक सरकारी संस्था स्थापन झाली. कॅनडात २०१५ साली सत्य आणि समेट आयोगानं चौऱ्याण्णव शिफारशी केल्या. सरकारी नोकरांना मूळ रहिवाशांचा इतिहास शिकवावा, ही त्यांतलीच एक.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्याला त्यासाठी पुण्याला जायलाच हवं असं नाही. घरची बोली वेगळी असली की मूल वर्गात गप्प बसतं. ते मठ्ठ नसतं. त्याच्या बोलीतले शंभर शब्द त्याच्याच आजीकडून शिकून घ्या. मायबाप ऊसतोडीला गेले म्हणून मुलाचा खाडा पडला, तर नाव कमी करण्याआधी वस्तीवर जाऊन चौकशी करा. त्यांचे सण कोणते, ते वहीत टिपून ठेवा.

आणि एवढ्यावर थांबू नका. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली कोणाला दावा करायचा असेल, जातीचा दाखला काढायचा असेल, तर तो कागद त्यांना वाचून दाखवा, समजावून सांगा. त्यांची गाणी आपण आवडीनं ऐकली आणि त्यांचा अर्ज मात्र फडताळात पडून राहिला, तर ती ओळख काय कामाची?