आल्टमाँटचा उतार

एखादे युग अमुक एका दिवशी संपले असे सांगण्यात इतिहासलेखकाला नाट्यमय समाधान लाभत असते. पानिपतावर मराठ्यांची सत्ता बुडाली असे आपणही पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलो. वस्तुतः दहाच वर्षांनी, 1771 साली, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या. पाश्चात्त्य तरुणाईच्या इतिहासात असाच एक दिवस ठरून गेला आहे : 6 डिसेंबर 1969. त्या शनिवारी उत्तर कॅलिफोर्नियातील आल्टमाँट या मोटारशर्यतीच्या मैदानावर ‘रोलिंग स्टोन्स’ या इंग्रज वाद्यवृंदाचा विनामूल्य जलसा झाला. सुमारे तीन लाख माणसे जमली, चार मृत्युमुखी पडली, आणि प्रेम व शांतीची भाषा बोलणारे एक दशक तेथे संपले, असे तेव्हापासून लिहिले जात आहे. या वाक्यात खोटे फारसे नाही. परंतु ते इतके भव्य आहे, की त्याच्या आडोशाला काही अगदी साध्या गोष्टी दडून जातात.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉकचा उत्सव चिखलात, पावसात आणि अन्नाच्या टंचाईतही मोठ्या हिंसेवाचून पार पडला होता. पहिल्या दिवशी पंडित रविशंकर यांनी तेथे पावसातच सतार वाजवली. शरद ऋतूत स्टोन्स अमेरिकेच्या दौऱ्यावर आले, तेव्हा त्यांच्या तिकिटांच्या दरांवरून सॅन फ्रान्सिस्कोतील समीक्षक राल्फ ग्लीसन यांनी टीकेची झोड उठवली. दौऱ्याच्या अखेरीस विनामूल्य जलसा करण्याच्या कल्पनेमागे औदार्य किती, या टीकेचे शल्य किती आणि चालू असलेल्या चित्रीकरणाची गरज किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. प्रथम सॅन फ्रान्सिस्कोतील गोल्डन गेट उद्यानाचा विचार झाला, तो फिसकटला. मग सियर्स पॉइंट हे शर्यतीचे मैदान ठरले आणि तेथे मंचही उभा राहू लागला. पण मैदानाच्या मालक कंपनीने मोठी रक्कम वा चित्रपटाचे वितरणहक्क मागितले. बोलणी मोडली. जलशाला दोन दिवसही उरले नसताना आल्टमाँटच्या मालकाने आपली जागा देऊ केली.

येथून पुढचा इतिहास बराचसा भूगोलाचा आहे. सियर्स पॉइंटला मंच चढाच्या माथ्यावर येणार होता. प्रेक्षक खाली, गायक वर. गर्दीला मंचाकडे जायचे तर चढावे लागणार, म्हणून मंच जेमतेम मीटरभर उंच योजला होता. तोच मंच आल्टमाँटला नेऊन उभारला गेला आणि तेथे तो टेकडीच्या पायथ्याशी आला. आता तीन लाखांचा समुदाय वरच्या उतारावर होता. मागच्या माणसाने किंचित पुढे सरकावे आणि तो रेटा शेकडो रांगांतून खाली उतरत पहिल्या रांगेच्या पाठीवर यावा, अशी ती रचना होती. पहिल्या रांगेसमोर कंबरेएवढी एक कड, आणि कडेवर वाद्ये. नवा मंच उभारायला वेळ नव्हता. शौचालये अपुरी, पाणी अपुरे, वैद्यकीय व्यवस्था तुटपुंजी. कारण दीड दिवसात याहून अधिक काही हलवता येत नाही. जत्रेत तमाशाचा फड लावणारा मनुष्यही आधी जमीन पाहतो आणि मग कनात ठोकतो. येथे जाहिरात आधी झाली, जमीन मागाहून मिळाली.

त्या मीटरभर उंचीचे रक्षण करण्यास ‘हेल्स एंजल्स’ ही मोटारसायकलस्वारांची टोळी बसवण्यात आली. मोबदला पाचशे डॉलरची बिअर. ही नेमणूक होती की नुसता स्नेहाचा व्यवहार, यावर पुढे बराच काथ्याकूट झाला. जलशाच्या दुसऱ्या दिवशी एका नभोवाणी केंद्राने श्रोत्यांना बोलते केले, तेव्हा टोळीचा ओकलंडमधील नेता सनी बार्जर याने, आपणांस मंचाच्या कडेवर बसून बिअर पिण्यास सांगितले होते, पोलिसी करण्यास नव्हे, असे बजावले. त्याच वर्षी 5 जुलैला लंडनच्या हाइड पार्कमध्ये स्टोन्सच्या जलशाला ‘एंजल्स’ म्हणवणारी पोरे उभी होती. पण ती इंग्रज हौशी मंडळी, अस्सल टोळीचे केवळ सोंग. सोंगावरून अस्सलाचा अंदाज बांधला गेला, असे म्हणण्यास जागा आहे. शिवाय सॅन फ्रान्सिस्कोच्या कलावंतांत या टोळीविषयी एक रोमँटिक आकर्षण होते : कायदा न मानणारे म्हणून ते ‘आपले’. पोलिसांवर अविश्वास असणे समजू शकते. परंतु पोलीस नको म्हटल्यावर त्या जागी कोण येणार, हा प्रश्न कोणी नेटाने विचारलेला दिसत नाही.

दिवस चढला तसा तोल सुटत गेला. टोळीने आपल्या मोटारसायकली मंचापुढेच लावल्या होत्या. रेट्याने कोणी त्यांवर कोसळले, की बिलियर्ड्‌सच्या काठ्या उगारल्या जात. ‘जेफरसन एअरप्लेन’चा गायक मार्टी बॅलिन मार थांबवण्यास मध्ये पडला आणि ठोशाने बेशुद्ध झाला. ‘ग्रेटफुल डेड’ने रागरंग पाहून वाजवण्यास नकार दिला. स्टोन्स आले ते अंधार पडल्यावर. तोवर वरच्या उतारावरची गर्दी आणखी खाली दाटली होती.

मेरेडिथ हंटर हा बर्कलीचा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण. अंगात हिरवा सूट, सोबत मैत्रीण. मंचाच्या कडेशी त्याची टोळीशी झटापट झाली, तो मागे हटला, त्याच्या हातात रिव्हॉल्व्हर दिसले, आणि एका एंजलने त्याला सुऱ्याने भोसकले. त्या वेळी ‘अंडर माय थम’ हे गाणे चालू होते. लोकस्मृतीने मात्र तेथे ‘सिम्पथी फॉर द डेव्हिल’ बसवले, कारण सैतानाचे नाव असलेले गाणे आख्यायिकेला अधिक शोभते. मंचावरच्यांना मृत्यूची कल्पना नव्हती. त्यांनी कार्यक्रम पुरा केला. थांबवला असता तर आणखी दंगल उसळली असती, हे म्हणणे मला पटण्याजोगे वाटते. इतर तिघांपैकी दोघे पळून गेलेल्या एका मोटारीखाली सापडले, एक कालव्यात बुडाला. आख्यायिकेत त्यांना जागाच नाही.

हंटरचा मृत्यू चित्रपटाच्या फितीवर आला होता. अल्बर्ट व डेव्हिड मेझल्स आणि शार्लट झ्वेरिन यांच्या ‘गिमी शेल्टर’ या 1970 च्या चित्रपटात तो दिसतो. मिक जॅगर संकलनाच्या मेजावर ती दृश्ये पुन्हा पाहतो, हेही त्यात आहे. तीच फीत न्यायालयातही दाखवली गेली. हंटरच्या हातातले शस्त्र तीत दिसत असल्याने स्वसंरक्षणाचा बचाव मान्य होऊन आरोपी जानेवारी 1971 मध्ये निर्दोष सुटला. गोऱ्या टोळीच्या गराड्यात सापडलेल्या काळ्या मुलाने शस्त्र का काढले असेल, हे फीत सांगू शकत नव्हती. दुसरा कोणी हल्लेखोर असावा या संशयाने उघडा राहिलेला तपास 2005 साली बंद झाला.

हे सारे दूरदेशीचे मानण्याचे कारण नाही. त्याच 1969 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याच्या रवींद्र सरोवर क्रीडांगणावर चित्रपट-तारकांच्या रजनीत दंगल माजली आणि चौकशी आयोग नेमावा लागला. 28 ऑक्टोबर 2011 रोजी गुडगावात मेटॅलिकाचा जलसा मंचापुढचा कठडा असुरक्षित ठरल्याने थांबला. संतप्त प्रेक्षकांनी मंचाची मोडतोड केली, आयोजकांपैकी काहींना अटक झाली. पण त्या रात्री कोणी मेले नाही, कारण कठडा टिकणार नाही हे गाणे सुरू होण्याआधी पाहिले गेले. 25 नोव्हेंबर 2023 ला कोचीच्या विद्यापीठातील खुल्या प्रेक्षागृहात पाऊस आल्याने बाहेरचे लोक आत धावले, आणि खाली उतरणाऱ्या पायऱ्यांवर चौघे चिरडले गेले. पुन्हा उतारच. नवा रायपूरच्या मोकळ्या मैदानावर 2025 साली छत्तीसगढचा रौप्यमहोत्सवी राज्योत्सव भरला. अशा सोहळ्यांतून परतणाऱ्याला गायकाचे नाव ठाऊक असते. कठडा कोणी बांधला, बाहेर पडण्याच्या वाटा किती होत्या, हे त्याने विचारावे अशी अपेक्षाही नसते.

हंटरच्या आईने स्टोन्सवर दावा केला. तो दहा हजार डॉलरवर मिटला. त्या जागी मुलांसाठी सार्वजनिक उद्यान व्हावे, अशी विनंतीही तिने जिल्हा प्रशासनाकडे केली होती. उद्यान झाले नाही. शर्यती चालू राहिल्या. मुलाच्या थडग्यावर नाव नव्हते. सॅम ग्रीन यांनी 2006 मध्ये त्यावर एक लघुपट केला, त्याला नाव दिले ते दफनभूमीच्या नोंदवहीतला क्रमांकच : ‘लॉट 63, ग्रेव्ह सी’. तो पाहून अनोळखी लोकांनी पैसे पाठवले, आणि 2008 साली, एकोणचाळीस वर्षांनी, तेथे मेरेडिथ हंटर हे नाव कोरलेला दगड बसवण्यात आला.