कुत्र्याच्या गळ्यातला बिल्ला

मराठीत 'पट्टा' या शब्दाचे संसार बरेच. जमिनीचा पट्टा, कचेरीतल्या शिपायाचा पट्टा आणि कुत्र्याच्या गळ्यातलाही पट्टाच. शिपायाच्या पट्ट्यावर पितळी बिल्ला असे, हमालाच्या दंडावर असे. बिल्ला मिरवतो एक आणि तो बोलतो दुसऱ्याच्या वतीने. कुत्र्याच्या बाबतीत हे जरा जास्तच खरे आहे, कारण बिल्ल्यावर काय कोरले आहे ते त्या बिचाऱ्याला कधीच कळत नाही.

आज पाळीव कुत्र्यासाठी बिल्ला निवडणे ही हौस समजली जाते: हाडाच्या आकाराचा घ्यावा की गोल, पितळेचा की स्टीलचा. या वस्तूचा आपल्याकडचा इतिहास मात्र हौसेचा नाही. तो सुरू होतो 'कोणते कुत्रे मारायचे नाही' या प्रश्नापासून.

मुंबईत १८१३च्या नियमाने बेवारशी कुत्री मारायला परवानगी मिळाली, ती वर्षातल्या ठरावीक दिवसांपुरती. १८३२मध्ये ही मुदत वाढवली गेली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. आठ आणे म्हणजे त्या काळी लहान रक्कम नव्हे. त्यामुळे पकडणारे शिपाई बेवारशी कुत्रे आणि घरचे कुत्रे यांत फरक करीनात. दारातली, अंगणातली कुत्रीही नेली जाऊ लागली. ६ जून १८३२ रोजी कोटात पारशी जमावाने कुत्री धरणाऱ्या पोलिसांवर हल्ला केला. पारशी धर्मात मृताला कुत्र्याचे दर्शन घडवण्याचा 'सगदीद' नावाचा विधी आहे. कुत्रा त्यांना पवित्र. पण दुसऱ्या दिवशीच्या हरताळात जैन आणि हिंदू व्यापारीही उतरले, बाजार बंद झाला आणि गोऱ्या पलटणीच्या रसदीची अडचण झाली. अखेर लष्कर आणावे लागले. या दंगलीला इतिहासकार धर्मभावनेचा उद्रेक म्हणतात. ते खरेच आहे, पण मला त्यात आठ आण्यांचा वाटाही तितकाच मोठा दिसतो. मालकी सिद्ध करण्याची खूण नाही आणि खूण नसण्यातच पकडणाऱ्याचा फायदा, अशी ती व्यवस्था होती.

पुढच्या कायद्यांनी याच पेचावर तोडगा काढला, तो पट्ट्याचा आणि बिल्ल्याचा. कुत्र्यावर कर बसवायचा, कर भरणाऱ्याला क्रमांक द्यायचा आणि तो क्रमांक कुत्र्याच्या गळ्यात अडकवायचा. १९५७च्या दिल्ली महापालिका कायद्यात तर नोंदणी झालेल्या कुत्र्याच्या पट्ट्याला धातूचा बिल्ला हवा, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे बिल्ला ही कर भरल्याची पावती आणि जिवाचे अभयपत्र, दोन्ही एकदम.

आता आपल्या बुलढाण्याकडे येऊ. १८५३च्या तहानंतर वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली आले आणि १९०३मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. त्यामुळे मुंबईची कुत्री आणि खामगावची कुत्री वेगवेगळ्या कायद्यांखाली भुंकत होती. १९२२च्या मध्य प्रांत व वऱ्हाड नगरपालिका कायद्यात पालिकांना जे कर बसवता येत, त्यांत कुत्र्यांवरचा कर आहे. तोही कुठे, तर गाड्या, घोडे आणि ओझ्याची जनावरे यांच्या रांगेत! १९५६मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६५च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्यातही कुत्र्यावरचा कर कायम राहिला, मात्र ऐच्छिक करांच्या यादीत. बसवला तर बसवावा, नाही तर नाही.

पण कायदा जिथे संपतो तिथून आपला बहुतेक जिल्हा सुरू होतो. नगरपालिकेची हद्द ओलांडली की कुत्रा एका माणसाचा राहत नाही. तो गल्लीचा असतो, वावराचा असतो, राखणीचा असतो. त्याच्या गळ्यात असलाच तर काळा दोरा, एखादे घुंगरू, कवडी. ती खूण दृष्ट लागू नये म्हणून. मालकाचा पत्ता सांगण्यासाठी नव्हे, कारण पत्ता सगळ्या गावाला ठाऊक. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, खंडोबाबरोबर कुत्रा असतो. त्यांच्याही गळ्यात क्रमांक नाही. 'मालकाचा' आणि 'बेवारशी' या दोनच कप्प्यांत कुत्र्यांची वाटणी करणारा कायदा या तिसऱ्या कुत्र्यापुढे गडबडतो. २००१च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी आणि त्यानंतरच्या २०२३च्या नियमांनी ही जागा थोडी भरली. निर्बीजीकरण झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडतात. हाही बिल्लाच, फक्त कातडीवरचा आणि न हरवणारा. २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडायला सांगितले, पिसाळलेली आणि आक्रमक सोडून. त्यामुळे ती खाच आता पूर्वीपेक्षा जास्त मोलाची झाली आहे.

गमत अशी की आपल्या गोठ्यातल्या गाईच्या कानात आज १२ अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो. शहरी पाळीव कुत्र्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात. तिचा क्रमांक १५ अंकी. पण चिप वाचायला यंत्र लागते, आणि हरवलेला कुत्रा रात्री ज्याच्या ओट्यावर जाऊन बसतो त्याच्याकडे ते यंत्र नसते. म्हणून गळ्यातला बिल्ला अजून टिकून आहे.

त्यावर काय कोरावे? लोक कुत्र्याचे नाव हौसेने मोठ्या अक्षरांत घालतात. माझ्या मते ते सर्वांत निरुपयोगी. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की कुत्रा त्याच्यामागेही जातो. फोन नंबर मोठा हवा, शक्य तर दोन. गावाचे नाव हवे. मागच्या बाजूला रेबीजच्या लसीचे वर्ष हवे, म्हणजे घाबरलेला माणूस काठी उचलण्याआधी क्षणभर थांबेल. अक्षरे देवनागरी असावीत. पाडळी किंवा धाडच्या रस्त्यावर ज्याच्या हाती तो बिल्ला लागेल, त्याला वाचता यायला हवा.

करणावळीसाठी लांब जायला नको. लग्नाच्या भांड्यांवर नाव घालून देणारा कारागीर बाजारात असतो. पितळेच्या चकतीवर तो तेच काम करून देतो. खामगाव चांदीसाठी नावाजलेले, तिथे कुणी चांदीचाही करून मागेल. तो मात्र घालू नये. कुत्रा राहील आणि बिल्ला जाईल.