प्लगवरचा आकडा

सरोजिनी नगर, म्हणजे जुन्या रहिवाशांचे विनयनगर, ही दिल्लीची सरकारी वसाहत. येथे फायलींची चर्चा अधिक, यंत्रांची कमी. तरीही शेजारच्या चिरंजीवांनी आपल्या गाडीला टर्बो बसविला आणि एका रविवारी नवे स्पार्क प्लग घेऊन ते माझ्याकडे आले. आधीच्या जर्मन प्लगांवर ७ होते, नव्यांवर ८. "काका, आकडा मोठा म्हणजे प्लग थंड ना?" हा नियम त्यांना घरातल्या एका जुन्या मायको प्लगने शिकविला होता. त्यावर १७५ कोरलेले होते.

नियम खोटा नव्हता, जुना होता.

१९०२ साली श्टुटगार्ट येथे बॉश यांच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग सिद्ध केला. परंतु शर्यतीच्या इंजिनांत असले प्लग टिकेनात. केनेल्म ली गिनेस हे स्वतः शर्यतपटू. १९२२ साली त्यांनी ब्रुकलँड्सवर ताशी सुमारे २१५ किलोमीटर वेग गाठून विक्रम केला. प्लगांच्या जाचाला कंटाळून त्यांनी अभ्रकाचे वेष्टन असलेले प्लग स्वतःच घडविले. (अभ्रकाच्या पत्र्यांसाठी त्या काळी जग आपल्या कोडरमा-हजारीबागकडे पाहत असे.) पुढे शिसेयुक्त पेट्रोल अभ्रकाला मानवेना, आणि ॲल्युमिनाची भाजलेली माती पुढे आली.

प्लगचे नाक साडेचारशे अंशांखाली राहिले, तर त्यावर काजळी साचते. साडेआठशेच्या वर तापले, तर ठिणगीपूर्वीच इंधन पेटते आणि दट्ट्याला भोकही पडू शकते. नाक आखूड असले की उष्णता लवकर निघून जाते. तो थंड प्लग. टर्बोने उष्णता वाढते, म्हणून एक पायरी थंड प्लग हवा. इरिडियमने टोक बारीक होते, टिकते. पण त्याने हा गुण बदलत नाही.

बंगलोरला १९५१ साली स्थापन झालेल्या मायकोने बॉशचीच पद्धत घेतली. तीत १४५पेक्षा १७५ थंड, १७५पेक्षा २२५ अधिक थंड. पुढे बॉशने आकडे लहान केले आणि क्रमही उलटविला: १७५चा झाला ७, २२५चा ५. जपानी एनजीकेत मात्र आजही मोठा आकडा थंडच. एवढ्या नाजूक बाबतीत हा उलटापालट कारभार आमच्या कचेरीलाही साधला नसता!

चिरंजीवांच्या हातातला ८ म्हणजे एक पायरी गरम प्लग. त्यांनी ६ आणला. दाबाखाली ठिणगीला उडी जड जाते, म्हणून फटही थोडी कमी केली. पंधरा दिवसांनी प्लग काढून पाहिले, तेव्हा टोकांवर भाजलेल्या बिस्किटाचा रंग आला होता. जुना १७५ मात्र माझ्याच टेबलावर राहिला आहे.