पणजीचा डोळा

माझ्या पणजीचा डावा डोळा सुईनं गेला. ही हकिगत सांगताना आजीचा आवाज खाली येई. मिरजेच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीला लागून आमचं गाव. सुगी संपली की तिथं मोतीबिंदू काढणारा एक फिरता वैदू यायचा. त्यानं पणजीला अंगणात उजेडाकडे तोंड करून बसवलं, पणजोबांनी मागून तिचं डोकं घट्ट धरलं, आणि बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागातून वैदूनं सुई आत घातली. मग समोर बोटं धरली. ‘किती?’ ‘तीन.’ घरात आनंदीआनंद झाला. ज्वारी आणि कापड घेऊन वैदू पुढच्या गावाला गेला. आठवड्याच्या आत डोळा लाल झाला, ठणकू लागला, आणि त्यातली दृष्टी कायमची गेली.

त्यानं मोतीबिंदू काढलाच नव्हता. डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग सुईनं आत मागं ढकललं होतं. वाट मोकळी झाल्यामुळे उजेड आत शिरला. पण भिंग आतच राहिलं, आणि सुईवरून गेलेली घाणही.

ही सुई फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात हीच क्रिया नेटकेपणानं सांगितली आहे. जवाच्या दाण्यासारख्या टोकाची शलाका घ्यावी, डाव्या डोळ्यासाठी उजवा हात आणि उजव्यासाठी डावा हात वापरावा, नंतर रोग्यानं उताणं पडून राहावं, शिंकू नये, खोकू नये. शिष्यानं माणसावर हात टाकण्याआधी कोहळ्या-भोपळ्यावर छेद घेण्याचा सराव करावा, असंही त्या ग्रंथात आहे. मला या परंपरेचा अभिमान आहे. पण त्या ग्रंथातली शिस्त मागं पडली आणि सुई तेवढी गावोगाव हिंडत राहिली, याचं दुःख त्याहून मोठं आहे. माझ्या पणजीनं ते भोगलं.

भिंग मागं न ढकलता बाहेर काढायचं, हे धाडस फ्रान्समध्ये जाक दाव्हिएल यांनी 1747 मध्ये केलं. भूल नव्हती. माणूस जागा, डोळा उघडा आणि समोरून येणारी सुरी! 1846 मध्ये बोस्टनला भुलीसाठी ईथर आलं, पुढच्या वर्षी एडिंबरोला क्लोरोफॉर्म. हात-पाय कापणाऱ्या सर्जनांना त्यांचा मोठाच आधार झाला, पण डोळ्याच्या डॉक्टरांची अडचण सुटली नाही. भूल उतरताना रोगी ओकायचा, त्या जोरानं नुकताच कापलेला डोळा उघडायचा आणि आतलं सारं बाहेर येण्याची भीती असायची. ही अडचण 1884 मध्ये व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरनं सोडवली. कोकेनचे थेंब टाकले की डोळा तेवढा बधिर होतो, हे त्यानं दाखवलं. हायडेलबर्गच्या परिषदेला जायला त्याच्याकडे पैसे नव्हते, म्हणून त्याचा निबंध दुसऱ्यानं वाचला. रोगी जागा ठेवून हवा तेवढाच भाग बधिर करायचा, ही आज रोजची झालेली रीत तिथून सुरू झाली.

पण वेदना गेली तरी पू राहिला होता. ग्लासगोमध्ये 1865 साली गाडीच्या चाकाखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली. पाय वाचला. 1867 मध्ये त्यांनी आपले अनुभव छापले. सर्जननं आधी हात आणि हत्यारं धुवावीत, एवढी साधी गोष्ट पटायला पुढं कितीतरी वर्षं गेली. पणजीच्या अंगणात तर ती पोचलीच नाही.

मिरजेत मात्र ती पोचली होती. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस 1889 मध्ये मिशनरी म्हणून इकडे आले, आणि 1894 मध्ये त्यांनी मिरजेचं मिशन हॉस्पिटल उघडलं. मिरज रेल्वेचं जंक्शन. कोकण, गोवा, बेळगाव, सोलापूर, सगळीकडचे रोगी तिथं उतरत. हत्यार हाती घेण्याआधी साहेब डोळे मिटून प्रार्थना करत, असं आजीला तिच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं होतं. त्यांचं नाव जवळच्या वानलेसवाडीला आजही आहे.

आजीचा मोतीबिंदू निघाला तो मिरजेतच, वानलेस साहेब जाऊन बरीच वर्षं झाल्यावर. ‘पिकू दे, मग ये,’ असं डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणून दोन वर्षं ती भिंतीला धरून वावरली. ऑपरेशननंतर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या, दोन्ही डोळे बांधले. हलायचं नाही, खोकायचं नाही. सुश्रुताचंच पथ्य, कितीतरी शतकांनी! कारण मात्र वेगळं होतं. डोळ्याला मोठी चीर पडलेली, टाके मोजके, धक्का लागला तर सारं वाया. पट्टी निघाल्यावर तिला जाड भिंगांचा चष्मा मिळाला. त्यातून वाटी जवळ भासायची आणि हात अलीकडेच राहायचा. तरीही पोथीची अक्षरं दिसली म्हणून ती रडली, हे आईनं पाहिलं होतं.

काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं बसवायची कल्पना दुसऱ्या महायुद्धातून आली. लढाऊ विमानांच्या काचेसारख्या ॲक्रिलिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत आणि डोळा ते निमूट सहन करी, हे लंडनच्या हॅरल्ड रिडली यांच्या ध्यानात आलं. नोव्हेंबर 1949 मध्ये त्यांनी त्याच पदार्थाचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. मोठमोठ्या डॉक्टरांनी त्यांना वेड्यात काढलं. म्हातारपणी रिडलींच्याही डोळ्यांत अशीच भिंगं बसवली गेली. मग 1967 मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांनी दात साफ करायच्या यंत्रावरून ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याची युक्ती काढली. चीर तीन मिलिमीटरच्या आसपास आली.

सर्जरीच्या इतर शाखाही याच वाटेनं वाढल्या. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी 1968 मध्ये हृदयारोपण केलं. जे.जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी 1990 मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. तिथेच लाखाहून अधिक मोतीबिंदू काढणारे डॉ. तात्याराव लहाने स्वतः उभे राहिले ते 1995 मध्ये आईनं दिलेल्या मूत्रपिंडावर.

माझ्या आईचं ऑपरेशन सकाळी झालं आणि दुपारी ती घरी जेवायला होती. वाळूच्या पिशव्या नाहीत, टाके नाहीत, जाड चष्मा नाही.

एक गोष्ट मात्र अजून आजीच्याच काळात अडकली आहे. ‘मोतीबिंदू पिकला नाही, थांबू या,’ असं घरोघरी म्हटलं जातं. आता पिकण्याची वाट पाहायची गरज नाही. उलट भिंग फार कडक झालं तर काम अवघड होतं. तुमच्या घरात कुणी दिव्याभोवती कडं दिसतं म्हणत असेल, पायरी चुकत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून गप्प बसू नका. सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. या आठवड्यातच त्यांना डोळे तपासायला घेऊन जा.